खोऱ्यांतले आणि डोंगरपायथ्याचे शांत रस्ते: सायकलस्वारांचे नेहमीचे प्रश्न

रोड सायकल घेऊन वर्दळीपासून लांब, नदीच्या कडेने किंवा डोंगराच्या पायथ्याने दिवसभर चालवत राहावं असं अनेकांना वाटतं. घोडं अडतं ते मार्ग ठरवताना. पुढचे प्रश्न प्रामुख्याने त्याबद्दलचे आहेत. उत्तरं डांबरी रस्त्यावर चालणारी सायकल गृहीत धरून दिली आहेत.

शांत रस्ता ओळखायचा कसा?

ज्या रस्त्याची गाड्यांना गरज उरलेली नाही, तो शांत. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून नकाशा उघडला की निम्मं काम झालं.

रुंद खोऱ्यात नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते असतात. महामार्ग एका काठाने जातो आणि समोरच्या काठाने गावांना जोडणारा जुना, अरुंद रस्ता वळणं घेत जातो. लांबच्या गाड्या महामार्ग सोडत नाहीत, त्यामुळे पलीकडच्या काठावर गावातल्याच गाड्या भेटतात. दोन्ही काठ जिथे पुलाने जोडलेले असतात त्या जागा आधीच हेरून ठेवाव्यात, म्हणजे गरज पडली तर काठ बदलता येतो. अरुंद घळीत मात्र ही सोय नसते. तिथे एकाच रस्त्यापुरती जागा असते आणि सगळी वाहतूक त्यावरूनच जाते. नकाशावर ती घळ कितीही सुंदर दिसत असली तरी आधी पर्याय आहे का ते बघा.

दुसरा प्रकार म्हणजे पुढे कुठेच न जाणारा रस्ता. बाजूच्या खोऱ्यात शिरून शेवटच्या वस्तीपाशी संपणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक गाव मागे पडलं की वर्दळ आणखी कमी होते. गेलात त्याच वाटेने परत यावं लागतं म्हणून अनेकजण असे रस्ते टाळतात. मला ते सर्वांत जास्त आवडतात. परतताना उतार असतो, प्रकाश बदललेला असतो आणि जाताना पाठीमागे राहिलेलं अर्धं खोरं समोर येतं.

तिसरा प्रकार, बोगद्यामुळे मोकळा झालेला घाट. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्डखालून १९८० साली जवळपास १७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. घाटावरून नवा रुंद रस्ताही गेला. त्यामुळे ट्रेमोला हा दगडी फरशीचा जुना नागमोडी रस्ता आज प्रामुख्याने हौशी लोकांपुरता उरला आहे. नॉर्वेतला जुना स्ट्रीनेफ्येल रस्ता १८९४ सालचा. १९७८ मध्ये बोगद्यांचा नवा मार्ग झाला आणि जुन्या रस्त्यावरची कामाची वाहतूक गेली. आपल्या भागातही नवा बोगदा किंवा बाह्यवळण झालं असेल, तर जुन्या रस्त्याचं काय झालं हे जाऊन बघण्यासारखं असतं. फक्त तो अधिकृतपणे खुला आहे याची खात्री करा. दरडी कोसळतात म्हणूनच काही जुने रस्ते बंद केलेले असतात.

नकाशावर बारीक रेघ असलेला रस्ता शांतच असणार ना?

तसं नाही, आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते. रेघेची जाडी प्रशासनाने ठरवलेला दर्जा सांगते, गाड्यांची संख्या सांगत नाही.

ठरवलेला रस्ता उपग्रहचित्रावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सरकवून पाहा. डोंगराच्या अंगावर पांढरट-करडा, पायऱ्यापायऱ्यांचा ओरखडा दिसला की ती दगडखाण आहे आणि त्या रस्त्यावर दिवसभर डंपर असणार. नदीपात्रात वाळूचे ढीग, जंगलात लाकूडतोडीचे मोकळे पट्टे, धरणाचं किंवा वीजप्रकल्पाचं चालू काम, यांचाही अर्थ तोच. अवजड वाहनांमुळे कडेचं डांबर तुटतं आणि वळणांवर खडी पसरते, म्हणजे त्रास दुहेरी. खाण सुट्टीच्या दिवशी बंद राहत असेल तर तोच रस्ता त्या दिवशी उत्तम असू शकतो.

दुसरी गोष्ट, जवळचा रस्ता. दोन मोठ्या रस्त्यांना तिरकं जोडणारी बारीक रेघ दिसली की शंका घ्या. महामार्ग तुंबला की फोनवरचं दिशादर्शन गाड्यांना तिकडेच वळवतं, आणि उशीर झालेला चालक अरुंद रस्त्यावर वेग कमी करत नाही.

खोऱ्यातून जाणं सोपं की पायथ्याने?

खोऱ्यातून, जवळजवळ नेहमीच. नकाशा पाहून उलटं वाटू शकतं, कारण पायथ्याचा रस्ता डोंगर चढत नाही, त्याला समांतर जातो.

पण डोंगरातून उतरणारा प्रत्येक ओढा त्या रस्त्याला आडवा येतो. रस्ता ओढ्यात उतरतो, पूल ओलांडतो, पुढच्या सोंडेवर चढतो आणि परत उतरतो. प्रत्येक चढ चाळीस-पन्नास मीटरचाच, पण दिवसभरात असे वीस झाले की एका मोठ्या घाटाएवढी चढाई होते. घाटात निदान एक लय सापडते. पायथ्याच्या रस्त्यावर ती लागते न लागते तोच मोडते. छोटे रस्ते बांधताना चढ सौम्य करायला फारसा खर्च केलेला नसतो, त्यामुळे हे चढ आखूड असले तरी खडे असतात. पायथ्याच्या मार्गाचं अंतर ठरवताना खोऱ्यातल्या तुमच्या नेहमीच्या अंतराच्या दोन तृतीयांश धरा.

खोऱ्यांतही फरक असतो. हिमनदीने कोरलेल्या खोऱ्याचा तळ सपाट आणि भिंती उभ्या असतात. मुख्य हिमनदी खोल कोरत गेली आणि बाजूच्या लहान हिमनद्या तेवढं कोरू शकल्या नाहीत, म्हणून बाजूची खोरी वर लटकल्यासारखी राहिली. अशा बाजूच्या खोऱ्यात शिरताना पहिले दोन-तीन किलोमीटरच सगळ्यात खडे असतात, पुढे रस्ता निवळतो. हे माहीत नसलेला माणूस सुरुवातीलाच घाबरून मागे फिरतो. नदीने कोरलेल्या खोऱ्यात साधारण उलट घडतं. चढ हळूहळू वाढत जातो आणि शेवटच्या टप्प्यात खिंडीखाली दमछाक होते.

चढाचा टक्का म्हणजे काय? किती टक्के म्हणजे अवघड?

शंभर मीटर पुढे गेल्यावर जितके मीटर वर जाल तितके टक्के. एक टक्का म्हणजे किलोमीटरला १० मीटर. २ टक्के डोळ्यांना जाणवतही नाहीत, पायांना जाणवतात. ४-५ टक्क्यांवर लय धरून बराच वेळ चढता येतं. ८ टक्क्यांच्या पुढे योग्य गिअर नसतील तर हाल होतात, आणि १२च्या पुढे रस्ता आखूड असावा अशी इच्छा होऊ लागते.

सरासरीवर मात्र विसंबू नका. फ्रान्समधल्या गालिब्ये घाटाकडे उत्तरेकडून जाताना आधी १५६६ मीटरवरची टेलेग्राफची खिंड लागते, मग रस्ता वालवार गावाकडे दीडशेहून अधिक मीटर खाली उतरतो आणि त्यानंतर २६४२ मीटरपर्यंत चढतो. पूर्ण मार्गाची सरासरी काढली की तो उतार चढाचा आकडा खाली ओढतो. प्रत्यक्षात शेवटचे आठेक किलोमीटर ८-९ टक्क्यांचे आहेत आणि तेही विरळ हवेत. म्हणून दर किलोमीटरचा चढ बघा, आणि खडा भाग सुरुवातीला आहे की शेवटी हे आवर्जून बघा.

ॲप १८०० मीटर चढाई दाखवतं, सायकलवरचं मीटर १३०० दाखवतं. खरं कोणाचं?

खोऱ्यात बहुधा सायकलवरच्या मीटरचं, त्यात हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर असेल तर.

अनेक ॲप उंचीसाठी उपग्रह किंवा रडारने केलेली मोजणी वापरतात. त्यांतली सर्वांत परिचित मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून झाली. तिच्यात जमीन साधारण ३० मीटरच्या चौकटींत विभागलेली आहे. सपाटीवर याने काही बिघडत नाही. पण कड्याला बिलगून जाणारा रस्ता घ्या. त्याच्या एका बाजूला ३० मीटरवर नदी खाली असते आणि दुसऱ्या बाजूला कडा वर. नकाशावरची रेघ थोडी इकडेतिकडे सरकली की ॲपच्या हिशेबात तुम्ही कड्यावर चढता आणि लगेच नदीत उतरता. असे खोटे चढउतार साठत जाऊन आकडा फुगतो. पूल आणि बोगद्यांचंही तसंच. काही ॲप पुलावर तुम्हाला दरीच्या तळाशी नेतात आणि बोगद्यात डोंगराच्या माथ्यावर. आलेखात करवतीसारखे दात किंवा मधेच एखादा अशक्य, २५-३० टक्क्यांचा सुळका दिसला तर त्या जागी समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा उघडून रस्ता त्या रेषा खरंच ओलांडतो का, ते मोजा. रेषांना समांतर जात असेल तर चढ नाही.

कोणते गिअर हवेत?

बहुतेकांना आज आहेत त्यापेक्षा हलके.

हिशेब सोपा आहे. पॅडलजवळच्या पुढच्या चक्रीला ३४ दात, मागच्या चाकावरच्या चक्रीला ३४ दात, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर होतो. सायकलसह ८० किलो वजन ८ टक्के चढावर या वेगाने न्यायला सुमारे १४५ वॅट लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांना हे तासभर जमतं, पण दिवसातल्या तिसऱ्या चढावर जमेलच असं नाही. मागे २८ दातच असतील तर त्याच चढावर एक तर जास्त जोर लावावा लागतो किंवा पॅडल मिनिटाला पन्नासच्या खाली जातं, आणि मग गुडघे बोलू लागतात. सामान घेऊन जाणार असाल तर पुढच्यापेक्षा मागचे दात जास्त हवेत, उदाहरणार्थ पुढे ३० आणि मागे ३६.

हलक्या गिअरची लाज वाटण्याचं काहीच कारण नाही. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, परवानगी १९३७ साली मिळाली. सामान्य हौशी सायकलस्वारांनी त्याच्या कितीतरी आधी बदलते गिअर आपलेसे केले होते. त्यांचा हिरिरीने पुरस्कार करणारे पॉल द व्हिव्ही फ्रान्समधल्या डोंगराळ सेंतेत्येनमध्ये राहायचे आणि नेहमी चढ चढायचे.

दिवसातली कोणती वेळ बरी?

पहाट. वर्दळ कमी असते हे एक कारण, पण खोऱ्यात वारा हे त्याहून मोठं कारण आहे.

उन्हाने डोंगरउतार तापले की त्यांना लागून असलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून खोऱ्यातून हवा ओढली जाते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारच्या सुमाराला खोऱ्याच्या तोंडाकडून माथ्याकडे वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्य मावळला की पडतो. रात्री चक्र उलटं फिरतं. गार, जड हवा डोंगरावरून खाली वाहत येते. इटलीतल्या गार्डा सरोवरावर हे इतकं नियमित घडतं की त्या वाऱ्यांना नावं आहेत. सकाळचा उत्तरेकडून येणारा पेलेर, दुपारचा दक्षिणेकडून येणारा ओरा.

सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा. सकाळी खोऱ्यात वर जायचं आणि दुपारी उतरायचं असा सोपा बेत आखलात, तर उतारावरही समोरच्या वाऱ्याशी झगडत पॅडल मारावं लागेल. खोरं जितकं चिंचोळं, तितका वारा तिथे जास्त वेग घेतो. त्यावर दोन उपाय आहेत. पहाटे निघून वारा सुरू व्हायच्या आत परतीचा बराचसा भाग संपवणं, किंवा एकाच दिशेचा मार्ग असेल तर तो खोऱ्यात वर जाणारा ठेवून दुपारचा वारा पाठीवर घेणं. मोठ्या वादळी हवामानात हे चक्र मोडतं, तेव्हा नेहमीचा अंदाजच पाहावा.

संध्याकाळबद्दल एवढंच, की पंचांगातली सूर्यास्ताची वेळ खोल खोऱ्यात उपयोगाची नाही. सूर्य कड्यामागे तास-दोन तास आधीच जातो आणि गारठा लगेच उतरतो. पुढचा-मागचा दिवा दिवसाच्या फेरीतही असू द्या.

नुकती सुरुवात केली आहे. पहिला मार्ग कसा निवडू?

जुना रेल्वेमार्ग मिळाला तर उत्तम. रेल्वेला खडा चढ झेपत नाही, त्यामुळे अशा मार्गावर चढ सहसा दोन-अडीच टक्क्यांच्या पुढे जात नाही. बंद पडलेल्या मार्गांचे सायकलमार्ग करण्याची स्पेनची व्हियास व्हेर्देस योजना १९९३ पासून चालू आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून समुद्रापर्यंत जाणारा आल्पे आद्रिया मार्ग इटलीच्या बाजूला एका जुन्या लोहमार्गावरून उतरतो. आधी पृष्ठभाग मात्र तपासा. न्यूझीलंडचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल, सुमारे दीडशे किलोमीटरचा, सगळा खडीचा आहे. तिथे २५ मिलिमीटरच्या टायरवर हात बधिर होतील.

असा मार्ग जवळ नसेल तर मोठ्या नदीच्या रुंद खोऱ्यातला, पुलांनी जोडलेला दुसरा काठ घ्या. डॅन्यूबच्या काठचा पासाउ ते व्हिएन्ना हा मार्ग याच कारणाने नवशिक्यांत आणि कुटुंबांत लोकप्रिय झाला.

टायर केवढे घ्यावेत?

सायकलमध्ये मावतील तेवढे रुंद, २८ ते ३२ मिलिमीटर. हवा थोडी कमी ठेवा. शांत रस्त्यांची डागडुजी उशिरा होते, हे त्यांच्यासोबत येतंच.

उतारावर भीती वाटते. काय करावं?

भीती योग्य आहे, ती घालवू नका. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत चौपट अंतर लागतं. दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग अरुंद रस्त्यावर ठेवावा, कारण समोरून येणाऱ्यालाही थांबायला तितकंच अंतर हवं.

ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावा. वळणात शिरताना ते सोडत जा, बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली ठेवून त्यावर वजन टाका आणि नजर वळण जिथे संपतं तिथे असू द्या. सायकल नजरेच्या मागे जाते. सतत हलका ब्रेक दाबून ठेवू नका. ८० किलो वजन ६०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते ती सव्वा लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी असते. सावकाश, ब्रेकवरच उतरलात तर त्यातली बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबले जाणारे) असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. जोरात ब्रेक लावा, सोडा, हवेने थंड होऊ द्या. बोटं दुखायला लागली तर सरळ थांबा. बघण्यासारखं तिथे नक्की काहीतरी असतं.

उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन कमी पोहोचतं. कोरड्या दिवशीही तिथल्या वळणांवर ओल, शेवाळ, कुजलेली पानं असतात आणि थंडीत बर्फाचा पातळ थर. उन्हातून एकदम सावलीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, आणि घसरण नेमकी तिथेच असते.

उतरायच्या आधी वाऱ्याचं जॅकेट घाला, थंडी वाजण्याची वाट पाहू नका. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. माथ्यावर तुम्ही घामाने ओले असता आणि पुढचा अर्धा तास पाय हलणारही नसतात.

मार्गात बोगदा आला तर?

शक्यतो टाळा. बाहेरून जाणारा जुना रस्ता बहुतेकदा नकाशावर बारीक रेघेने दिसतो. टाळता येत नसेल तर आत सायकलला परवानगी आहे का ते पाहा. आत जाण्याआधी थांबून काळा चष्मा काढा, दोन्ही दिवे लावा आणि मागून येणाऱ्या गाड्या जाऊ द्या.

कुत्री अंगावर येतात.

मेंढपाळांची कुत्री कळप राखत असतात. तुम्ही वेगाने जवळ आलात म्हणून ती धावतात. वेग वाढवून सुटायचा प्रयत्न चढावर फसतो. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा आणि कळपाला वळसा घालून चालत जा. पायी चालणारा माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. गुरं रस्त्यावर असतील तर त्यांना लांबूनच आवाज द्या, आणि गाय व वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका.

पाऊस आणि विजांचं काय?

डोंगरात गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर वाढतात, पहाटे निघण्याचं हे आणखी एक कारण. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही आसरा शोधायला हवा. पक्की इमारत किंवा बंद गाडी चालेल, एकटं झाड चालणार नाही.

पुरात पाण्याखाली जाणारा फरशी पूल असेल तर तुमच्या डोक्यावर ऊन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, आवाज वाढला, की पलीकडे जाऊ नका.

एकट्याने जावं का?

जावं. शांत रस्ता एकट्याला जास्त ऐकू येतो. पण खोल खोऱ्यात फोनला सिग्नल नसणं हे गृहीत धरूनच निघा. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्या, मार्ग आणि परतीची वेळ घरी कुणाला तरी सांगा आणि मधेच मार्ग बदलला तर सिग्नल मिळेल तिथून कळवा. दोन ट्यूब, पंप, चेन जोडायची कडी आणि टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा जवळ ठेवा. कानात हेडफोन नको. अरुंद रस्त्यावर मागची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

पाणी किती न्यावं? ओढ्याचं प्यायलं तर चालेल?

दोन बाटल्या, आणि वाटेतल्या वस्त्यांचा अंदाज घेऊन ठेवा. माथ्याकडच्या भागात कित्येक किलोमीटर काही मिळत नाही. ओढा कितीही नितळ दिसला तरी वर गुरं चरत असू शकतात, तेव्हा गाळून आणि शुद्ध करूनच प्या. भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी प्या, हा नियम पॉल द व्हिव्ही यांनीच सायकलस्वारांना सांगितला होता. चढावर तो आजही तंतोतंत लागू पडतो.

प्रसिद्ध घाट टाळावेत का?

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, हो. मोटारसायकलींचे ताफे त्याच वेळी येतात. पण त्याच घाटाच्या शेजारची, एक-दोनशे मीटर कमी उंचीची खिंड नकाशावर शोधा. खूपदा तीच डोंगररांग, तेच उतार असतात आणि रस्ता रिकामा. उंचीचा मान शेजारच्या घाटाला मिळाल्यामुळे तिकडे कुणी वळत नाही. प्रसिद्ध घाट करायचाच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आठच्या आत माथ्यावर पोहोचाल असं निघा, आणि उतरायला पलीकडच्या बाजूचा लहान रस्ता ठेवा.